चिपची नोकरी सोडून फंडात जाऊ का? कागलच्या वाचकाला उत्तर

या वेळी एकच पत्र घेतोय, कारण विषय मोठा आहे आणि कोल्हापूर-सांगलीकडची लई पोरं आता याच वळणावर आलेली दिसतात. पत्र थोडक्यात असं. लिहिणारा मूळचा कागलचा, वय 38, कोल्हापुरात इंजिनिअरिंग करून बेंगळुरूला गेला, तिथं 15 वर्षं चिप व्हेरिफिकेशन, म्हणजे चिप बनायच्या आधी तिच्या डिझाइनमधल्या चुका शोधायचं काम, करतोय. त्याचा जुना मॅनेजर एका नव्या व्हीसी फंडात, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालून हिस्सा घेणाऱ्या फंडात, पार्टनर झालाय, 200 कोटींचा फंड, चिप आणि हार्डवेअरच्या स्टार्टअपमधी पैसे घालणार, आणि त्यानं याला प्रिन्सिपल, म्हणजे पार्टनरच्या खालच्या जागेवर, बोलवलंय. पगार आत्ताच्या साठ टक्के. घराचा हप्ता चालू, लेक चौथीत, बायको शाळेत शिकवते, ती म्हणते तुझं मन आहे तर जा पण हप्त्याचं काय ते सांग. वडलांनी शेत तारण ठेवून शिरोलीत फाउंड्री टाकलेली, ती अजून चालवतात, आणि त्यांचं म्हणणं, "लोकांच्या पैशावर लोकांना शहाणपण शिकवायचं, हे कसलं काम?" शेवटी तो विचारतो, जाऊ का, गेलो तर माझं टेक्निकल डोकं गंजेल का, आणि आबांना, म्हणजे वडलांना, समजवू कसं.

पत्रात काका म्हणलायस म्हणून अरे-तुरे करतो. मी पण चिपमधनं फंडात गेलेला माणूस, बरीच वर्षं दोन्हीकडं काढून आता राजारामपुरीत येऊन बसलोय, त्यामुळं जे सांगतोय ते बघितलेलं सांगतोय.

पहिली गोष्ट, तुझ्या पत्रात फंडाबद्दल कमी आहे आणि टेस्टबेंचच्या (चिप तपासायच्या कोडच्या) कंटाळ्याबद्दल जास्त आहे. कंटाळा आलाय म्हणून फंडात जाऊ नको. कंटाळ्यावर औषध लई आहेत, ब्लॉक बदल, आर्किटेक्चरकडं सरक, एखाद्या वीस माणसांच्या स्टार्टअपमधी जा जिथं सकाळी आरटीएल म्हणजे चिपच्या डिझाइनचा कोड आणि संध्याकाळी बोर्ड ब्रिंगअप म्हणजे आलेली चिप बोर्डवर पहिल्यांदा चालू करणं, दोन्ही करावं लागतं, तिथं कंटाळायला वेळच मिळत नाही. फंडात माणसानं जावं ते दुसऱ्याचं काम उभं राहिलेलं बघून स्वतःचं झाल्यासारखं वाटत असेल तर. तुझं नाव कुठल्याच डेटाशीटवर, कुठल्याच पेटंटवर येणार नाही, आणि कंपनी मोठी झाली तर ती फाउंडरनं केली असंच लोक म्हणणार आणि ते खरंच असणार. हे तुला चालेल का एवढा प्रश्न आधी शांतपणे स्वतःला विचार.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, जो मला तुझ्या पत्रात कुठंच दिसला नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे. तू व्हेरिफिकेशनवाला आहेस. तुझं डोकं 15 वर्षं एकाच कामासाठी घडलंय, हे कुठं मोडतंय ते शोध. कव्हरेज, म्हणजे डिझाइन किती तपासून झालं ते, 98 टक्के आलं की तुझी नजर राहिलेल्या 2 टक्क्यांवर जाते, आणि तुझ्या कामात ते बरोबरच आहे, कारण टेपआऊट, म्हणजे डिझाइन कारखान्यात चिप बनवायला पाठवणं, हे ओतकामच आहे, आबांना विचार, साच्यात एकदा रस ओतला आणि आत ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी राहिली की तो तुकडा परत भट्टीतच. आपल्याकडं तर ओतल्यावर तीन-चार महिने फॅबकडनं, म्हणजे चिपच्या कारखान्याकडनं, सिलिकॉन यायची वाट बघायची, मास्कचे (चिप छापायच्या साच्यांचे) करोडो रुपये गेलेले, आणि मग लॅबमधी कळणार की रीस्पिन, म्हणजे चूक सुधारून चिप परत बनवायला, लागतंय. त्यामुळं शंका आली की थांबवायचं ही सवय तुझ्या हाडात गेलीय.

फंडात हीच सवय तुला तारणार आणि हीच बुडवणार. समोर येणाऱ्या प्रत्येक स्टार्टअपमधी तुला पहिल्या अर्ध्या तासात दहा बग दिसतील. टीममधी अॅनालॉगचा माणूस नाही, दुसऱ्या स्पिनचे पैसे बजेटमधी धरलेले नाहीत, गिऱ्हाईक एकच आहे आणि त्यानं पण सही केलेली नाही, ईडीए टूलचं, म्हणजे चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं, लायसन पुढच्या वर्षी संपतंय. सगळे बग खरे. आणि तू प्रत्येकाला नाही म्हणशील, मीटिंगमधी तुझं बोलणं सगळ्यात हुशार वाटेल, आणि तीन वर्षांनी बघशील तर एकही चांगली कंपनी तुझ्या हातानं फंडात आलेली नसेल. मी असे चिपमधनं आलेले लोक बघितलेत, ज्ञानात कुणाला ऐकणार नाहीत असे, पण त्यांना फंडाचं काम जमलं नाही ते एवढ्याच कारणानं.

इंटेलच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपचंच घे, तुझ्याच धंद्यातलं उदाहरण आहे. 1993 ला ती बाजारात आली. भागाकाराच्या सर्किटात एक लुकअप टेबल होतं, त्यात 1066 नोंदी भरायच्या होत्या, त्यातल्या 5 राहिल्या. 1994 मधी थॉमस नाइसली नावाच्या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकाच्या हिशोबात फरक आला आणि त्यानं तो शोधत शोधत चिपपर्यंत नेला. इंटेल आधी म्हणाली की साध्या वापरणाऱ्याला याचा काही त्रास नाही, लोक खवळले, आणि डिसेंबरात कंपनीनं मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं, 47 कोटी 50 लाख डॉलरचा खर्च त्यापायी धरला. व्हेरिफिकेशनवाल्यासाठी यापेक्षा वाईट काय असणार, आजपण नव्या पोरांना शिकवताना हाच किस्सा सांगतात. पण म्हणून पेंटियम पडली का? नाही. पुढची कितीतरी वर्षं घराघरातला कॉम्प्युटर म्हणजे पेंटियम असंच होतं, बिंदू चौकातल्या दुकानात जाऊन पण लोक पेंटियमच मागायचे. म्हणजे बग खरा होता, मोठा होता, आणि तरी धंदा त्याच्या कितीतरी पटीनं मोठा होता. ही दोन्ही वाक्यं एकदम डोक्यात ठेवता येणं, भावा, हेच फंडातलं काम आहे. व्हेरिफिकेशनमधी तू विचारतोस हे मोडेल का, फंडात विचारायचं की हे मोडलं तर माझं किती जाईल आणि चाललं तर किती मोठं होईल.

आणि ज्यांनी ती चिप करवून घेतली ते विनोद धाम, जन्म पुण्याचा, दिल्लीत इंजिनिअरिंग केलं, सिनसिनाटीला शिकले, 1979 ला इंटेलमधी लागले, फ्लॅश मेमरीच्या सुरुवातीच्या कामात होते, मग पेंटियम. 1995 ला इंटेल सोडली. पण सोडल्या सोडल्या फंडात नाही गेले हे लक्षात घे, आधी नेक्सजेन नावाच्या छोट्या चिप कंपनीत गेले, ती इंटेलची स्पर्धक एएमडीनं घेतली आणि त्यातनं के6 ही चिप निघाली, मग सिलिकॉन स्पाइस चालवली, ती 2000 मधी ब्रॉडकॉमनं घेतली, आणि नंतर भारतातल्या स्टार्टअपसाठी फंड काढला. 2025 ला पद्मभूषण मिळालं. विनोद खोसला पण जन्मानं पुण्याचेच, 1955 चे, त्यांनी सुद्धा आधी डेझी सिस्टिम्स आणि 1982 ला सन मायक्रोसिस्टिम्स केली, 1986 मधी क्लायनर पर्किन्स या व्हीसी फंडात गेले. उलट जॉन डोअर इंटेलमधनं 1980 ला सरळ तिथंच गेले, आणि 1999 ला त्यांच्या फंडानं गूगलमधी 1 कोटी 25 लाख डॉलर घातले. त्यामुळं स्वतः कंपनी काढलीच पाहिजे असा काही नियम नाही. पण डोअर इंटेलमधी गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन चिप विकायचे, त्यांना माहीत होतं माणूस पैसे कशाला देतो. तू कधी गिऱ्हाइकासमोर बसलायस का? पत्रात तसं काही नाही, आणि ही तुझ्यात खरी कमी आहे असं मला वाटतं.

आबांसाठी मात्र मी युजीन क्लायनरची गोष्ट सांगेन, कारण तो माणूस त्यांना पटेल. व्हिएन्नात जन्मलेला, अमेरिकेत गेलेला मेकॅनिकल इंजिनिअर, मशीन टूलमधला पक्का. 1957 ला ट्रान्झिस्टरच्या शोधातले विल्यम शॉकली यांच्या लॅबमधनं जे आठ जण वैतागून बाहेर पडले त्यातला एक. त्यानं वडलांच्या ओळखीच्या ब्रोकर कंपनीला पत्र लिहिलं की आम्ही आठ जण आहोत, सगळ्यांना एकत्र नोकरी देईल असं कोण आहे का बघा. मागितली होती नोकरी! तिथनं आर्थर रॉक नावाचा तरुण आला आणि म्हणाला नोकरी कशाला, कंपनी काढा. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर झाली ती अशी. त्या आठांकडं तारण ठेवायला काय होतं, काहीच नव्हतं, डोकं होतं फक्त. पुढं 1972 ला याच क्लायनरनं टॉम पर्किन्सबरोबर फंड काढला, 80 लाख डॉलरचा. सुरुवातीला त्यांनी मोटरसायकल बर्फावर चालवायचं किट आणि टेनिसच्या बुटांना नवे तळवे लावायचा धंदा असल्यात पण पैसे घातले आणि ते गेले. त्याच फंडातनं टँडम कॉम्प्युटर्स आणि जेनेनटेक उभ्या राहिल्या आणि सगळं भरून निघून वर उरलं.

आबांना हे असं सांग की तुम्ही फाउंड्री टाकली तेव्हा शेत होतं म्हणून बँक उभी राहिली. ज्याच्याकडं शेत नाही आणि नुसतं डिझाइन आहे त्याला बँक दारात उभी करत नाही, आणि चिपवाल्याला तर पहिला रुपया मिळायच्या आधी दोन-तीन वर्षं नुसता खर्च असतो, कर्ज घेतलं तर व्याजच खाईल. त्याला पैसा द्यायचा, तारण घ्यायचं नाही, हप्ता घ्यायचा नाही, कंपनीत हिस्सा घ्यायचा, बुडाली तर आपलंही बुडालं. एवढं कळल्यावर आबा गप्प बसतील असं मी म्हणत नाही. आणि त्यांचं म्हणणं उडवून लावू नको, "लोकांचा पैसा" हा शब्द त्यांनी बरोबर पकडलाय. सेबीच्या नियमानं असल्या फंडात गुंतवणारा सहसा कमीत कमी 1 कोटी घालतो, म्हणजे कुणीतरी कारखान्यातली, जमिनीची, आयुष्याची कमाई तुमच्या हातात देतो. शिरोलीत उधारी थकली की आबांना झोप लागत नसेल, तशी दुसऱ्याच्या पैशापायी झोप उडणारा माणूसच या कामाला लायक. तू त्यांचाच मुलगा आहेस हे त्यांना सांग.

आता रोजचं आयुष्य कसं असतं ते सांगतो कारण बाहेरनं ते वेगळंच दिसतं. दिवसभर लोकांना भेटायचं आणि त्यातल्या बहुतेकांना नाही म्हणायचं. समोरचा तुझ्यासारखाच असतो, नोकरी सोडून आलेला, बायकोचं सोनं मोडलेला, डोळ्यात आशा असलेला, आणि त्याला तुला सरळ सांगायचं असतं की आम्ही पैसे घालणार नाही आणि कारण हे. लई जण इथं चालढकल करतात, "बघू, पुढच्या महिन्यात बोलू" म्हणून सहा महिने लटकवतात, ते पाप आहे असं मी मानतो. नाही म्हणायचं तर आठवड्यात म्हण आणि खरं कारण सांग. बाकीचा वेळ करारपत्रं, बोर्ड मीटिंग, गुंतवणूकदारांना हिशोब, आणि कुठल्यातरी कंपनीत दोन फाउंडर भांडलेले ते सोडवणं. सिलिकॉन आलं, बोर्डवर लावलं, पहिला क्लॉक दिसला, तो आनंद तिथं नाही. मला त्याची आठवण अजून येते.

आणि निकाल कधी कळतो? चिपमधी वर्ष-दीड वर्षात कळतं तू बरोबर होतास का चूक. फंडात आठ-दहा वर्षं. मधल्या काळात कंपनीची किंमत कागदावर वाढते, त्याला काही अर्थ नसतो. बेंगळुरूची सांख्य लॅब्स बघ, आपल्या देशात चिप करणाऱ्या मोजक्या कंपन्यांतली, सुरू झाल्यापासनं 2022 ला तेजस नेटवर्क्सनं घेईपर्यंत जवळजवळ पंधरा वर्षं गेली. आणि फंडाचं आयुष्य बहुतेक वेळा दहा वर्षांचं धरलेलं असतं. म्हणून तुझ्या मॅनेजरला हे नक्की विचार की चिपच्या कंपन्यांत घालणार असाल तर मुदत किती ठेवलीय, दहा वर्षात विकली गेली नाही तर काय करणार. याला उत्तर नसेल तर त्यांनी अजून विचारच केलेला नाही.

तुझं डोकं गंजेल का. हात गंजणार, ते खोटं कशाला सांगू, दोन-तीन वर्षात यूव्हीएमचा (व्हेरिफिकेशनचा) कोड लिहायला बसलास तर बोटं अडखळतील आणि परत त्याच पगाराची नोकरी मिळणं अवघड होत जाणार. पण पारख गंजत नाही उलट धारदार होते, जर तू फाउंडरच्या डिझाइन रिव्ह्यूत जाऊन बसत राहिलास तर. फाउंडर म्हणाला की टेपआऊटला तयार आहोत, तर नुसता फायनान्सवाला मान डोलावणार, तू म्हणणार बग रेटचा ग्राफ दाखव, रिग्रेशन, म्हणजे सगळ्या चाचण्या परत परत चालवणं, किती दिवस स्वच्छ चाललंय दाखव, डीएफटी, म्हणजे बनलेली चिप तपासता यावी याची डिझाइनमधली सोय, कुणी केली, आणि पहिलं सिलिकॉन चाललं नाही तर पगार कुठनं देणार. हे विचारणारी माणसं आपल्याकडं फंडात लई कमी आहेत आणि आत्ता त्यांची गरज आहे. 2021 ला सरकारनं 76,000 कोटींचा सेमीकंडक्टर कार्यक्रम आणला, साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा ही नावं पेपरात येतात, पण त्याच कार्यक्रमात डिझाइन कंपन्यांसाठी पण योजना आणली, पात्र खर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 15 कोटी परत द्यायची सोय ठेवली, आणि सीडॅक या सरकारी संस्थेमार्फत महागडी ईडीए टूल्स वापरायला द्यायची सोय केली. पण परतावा म्हणजे आधी खर्च तुम्ही करायचा, आणि तो आधीचा पैसा कुणीतरी घालावा लागतो. तिथं तुझ्यासारख्याचं काम आहे.

पगाराकडं येतो. 200 कोटींचा फंड म्हणजे फंड चालवायच्या 2 टक्के फीनं वर्षाला 4 कोटी, त्यातनं पार्टनर, ऑफिस, वकील, ऑडिट, प्रवास, म्हणून पगार कमी, यात तुला कुणी फसवत नाहीये. खरी कमाई कॅरीमधनं, म्हणजे गुंतवणूकदारांचं मुद्दल आणि ठरलेला परतावा देऊन वर जो नफा उरेल त्याच्या साधारण 20 टक्के, त्यातला तुझा वाटा. पण तो यायला किती लागतं बघ, फंडाला तिप्पट म्हणजे 600 कोटी परत आणायचे आणि शेवटी कंपन्यांत तुमचा हिस्सा 15 टक्के राहिला, तर त्या कंपन्या मिळून 4,000 कोटींना जायला पाहिजेत. होतं असं, पण फार वेळा नाही. म्हणून सूनबाईंना सांगताना कॅरी शून्य धरून सांग. साठ टक्के पगारात हप्ता, शाळा आणि गावाकडचं भागत असेल तरच पुढं बोल, आणि दोन वर्षाचे हप्ते बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नको.

माझं मत विचारशील तर जा, पण लगेच नको. 200 कोटी सही होऊन आलेत का नुसतं टार्गेट आहे हे पत्रावरनं कळत नाही, आणि नव्या फंडात यातच सगळं असतं. सेबीची नोंदणी झालेली पाहिजे, फर्स्ट क्लोज, म्हणजे पहिल्या गुंतवणूकदारांच्या सह्या होऊन फंड सुरू, झालेला पाहिजे, तोपर्यंत नोकरी धरून ठेव. आणि तोवर रिकामा बसू नको. आत्ताच्या कंपनीची परवानगी घेऊन, त्यांच्या कामाशी टक्कर नसलेल्या दोन-तीन हार्डवेअरवाल्या पोरांबरोबर शनिवार-रविवार बस, त्यांच्या गिऱ्हाइकाकडं त्यांच्याबरोबर जा, फुकट जा. प्रत्येकाबद्दल एक पानभर लिहून ठेव, मी पैसे घातले असते का नाही आणि का, खाली तारीख टाक. आणि त्यात बगच्या यादीआधी हे लिही की सगळं नीट झालं तर ही कंपनी काय होऊ शकते. ते लिहायला तुझा हातच उठेना असं झालं तर फंड तुझ्यासाठी नाही, तू चांगला इंजिनिअर आहेस आणि तसाच रहा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण लिहिताना रात्रीचे दोन वाजले आणि तुला कळलं नाही, तर मग पगार कमी का जास्त यावर आडून बसू नको.

ऑफर लेटर येईल तेव्हा त्यात कॅरीचा तुझा टक्का, तो किती वर्षात तुझा होतो, मधी सोडलं तर किती राहतो, आणि तुला स्वतःचे पैसे फंडात घालावे लागणार का, एवढं लिहून आलंय का बघ. तोंडी सांगितलेलं धरू नको, मॅनेजर कितीही चांगला असला तरी. सही करायच्या आधी कुठल्यातरी चांगल्या सीएला दाखव, आणि मला पण पाठव, मी वाचून सांगतो.